उभी गाडी

या सदराच्या वाचकांना माझा आणि यंत्रांचा संबंध ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी याच पानांवर मी घरचा मिक्सर स्वतः दुरुस्त केल्याची हकीगत लिहिली होती, आणि 'तो मिक्सर पुढे कोठे गेला?' असे पुसणारी पत्रे मला अजून येतात. तेव्हा यंदा मी गाडीविषयी लिहिणार म्हटल्यावर आमच्या घरात एकच हशा पिकला. सौभाग्यवती म्हणाल्या, "विभक्तिप्रत्ययांवर लिहा. त्यात कुणाचा जीव जायची भीती नसते."

गाडी माझ्या वडिलांची. २०११ साली त्यांनी हौसेने घेतलेली पांढरी ओम्नी व्हॅन. २०२० साली वडील गेले, आणि त्यानंतर ती आमच्या नांदेडच्या घराच्या अंगणात, ताडपत्रीचे पांघरूण घेऊन उभी राहिली. विकण्याचा विषय निघाला की आई उठून स्वयंपाकघरात जाई. म्हणून पुढे पुढे आम्ही तो विषयच काढीनासे झालो. अधूनमधून मी गाडी चालू करून बंद करीत असे. पितृपक्षात पान वाढावे तसे.

यंदा, म्हणजे २०२४ च्या मार्चमध्ये, आईनेच विषय काढला. लातूरला तिची धाकटी बहीण असते. मावशीचे गुडघे गेलेले, आईच्या पाठीचा कणा गेलेला. चार वर्षे दोघी फोनवरच भेटत होत्या. आईला एका जागी तासभराहून अधिक बसवत नाही, आणि नांदेड-लातूर म्हणजे साध्या मोटारीने तीन तासांची वाट. "त्या गाडीत मागं आडवं होता येतं का रे?" तिने विचारले. "तुझे वडील म्हणायचे, ह्या गाडीत संसार मावतो."

आमचे चिरंजीव तत्काळ पेटले. त्यांनी परदेशी घरगाड्यांची चित्रे मोबाइलवर आणून दाखविली: आत पलंग, चूल, न्हाणीघर, छपरावर सूर्यावर चालणारी वीज. आपल्या शासनानेही २०२१ साली कारवाँ पर्यटनाचे धोरण आणल्याचे त्यांनी मला सुनावले. मी म्हटले, हे खूळ साहेबाचे असले तरी मूळचे लेखकाचे आहे. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका आरमारी डॉक्टराने, जो मुलांसाठी पुस्तके लिही, १८८५ साली निव्वळ हिंडण्यासाठी एक घरगाडी बांधून घेतली आणि दोन घोडे जोडून इंग्लंडातून थेट स्कॉटलंडातल्या इन्व्हर्नेसपर्यंत नेली. तिचे नाव 'वाँडरर'. समोरून येणाऱ्यांना सावध करण्यासाठी त्याचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे चाले. चिरंजीवांनी ती नोकराची जागा मोटारसायकलसह मागून पाहिली. आईने ती नामंजूर केली.

पलंगाचे काम सोपे निघाले. आमच्या गाडीत मागे समोरासमोर दोन बाकडी आहेत. मधल्या जागेत बसेल अशी एक फळी सुताराकडून करून घेतली, वर गादी टाकली, की ऐसपैस बिछाना. बाकडी काढून कायमचा पलंग ठोकावा असे चिरंजीवांचे मत होते. परंतु मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये गाडीच्या मूळ घडणीत परवानगीवाचून असा बदल करता येत नाही. शिवाय धावत्या गाडीत माणसाने निजू नये, हे मला पटलेले होते. एकदा करकचून ब्रेक लागला तर निजलेल्याला धरणारे काही नसते. म्हणून असे ठरले की गाडी चालताना आईने पुढे पट्टा बांधून बसायचे, आणि दर पाऊण तासाला थांबून मागे अर्धा तास पाठ टेकायची.

चार वर्षे उभ्या असलेल्या गाडीला उन्हाळ्यात रस्त्यावर काढणे म्हणजे काय, हे मात्र मला देगलूर नाक्याकडच्या मिस्त्रींनी शिकविले. त्यांनी प्रथम एअर फिल्टरचा डबा उघडला. आत उंदरांनी मऊ घरटे केले होते, आणि ते कशाचे म्हणाल, तर गाडीत रचून ठेवलेल्या माझ्या एम.ए.च्या टिपणांचे! भाषाशास्त्राचा अख्खा पेपर त्यांनी कुरतडून पचविला होता. दोन-तीन वायरींचाही फडशा पडला होता. मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, "सरजी, पढ़ेलिखे चूहे हैं."

मग टाकीतले शिळे पेट्रोल काढले. बॅटरी बदलली; बॅटरीला थंडीपेक्षा उन्हाळाच लवकर मारतो, हे मला नवे होते. रेडिएटर खोलला तेव्हा आतून तांबूस गाळ आणि पांढरा खार निघाला. दोष माझाच होता. कूलंट संपले तेव्हा मी आमच्या बोअरचे पाणी ओतून मोकळा झालो होतो. आपल्याकडच्या बोअरचे पाणी किती जड असते हे ज्यांनी आंघोळीच्या बंबाचे बूड पाहिले आहे त्यांना सांगायला नको. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो, आणि मे महिन्यात इंजिन उकळू लागले की माणूस नशिबाला बोल लावतो. कूलंट नुसते गार ठेवीत नाही. त्याने पाण्याचा उकळबिंदू चढतो आणि गंजही धरत नाही. ते शुद्ध पाण्यात, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. आणि इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण काढू नये. आत दाबाखाली कोंडलेले पाणी तोंडावर उसळते. मिस्त्रींच्या कोपरापासून मनगटापर्यंत त्याचा पुरावा होता.

मग पंख्याचा पट्टा पाहिला, रबरी नळ्या चिमटीत दाबून पाहिल्या. कडक झालेली नळीही वाईट आणि लिबलिबीत झालेलीही वाईट. गाडी जागेवर अर्धा तास चालू ठेवून पंखा आपोआप सुरू होतो की नाही तेही पाहिले. ओम्नीचे इंजिन पुढच्या बैठकीखाली असते, त्यामुळे चालकाला उन्हाळ्यात तव्यावर बसल्याचे सुख मिळते. त्याला आईने गोधडीची चौघडी हा उपाय सुचविला. इथवर आमचे छान जमले. बिनसले ते टायरांवर.

मिस्त्रींनी चाकाशी उकिडवे बसून टायरच्या कडेवर बोट ठेवले. तिथे चार आकडे होते: १८१७. मराठीचा प्राध्यापक म्हणून माझ्या डोळ्यांसमोर खडकीची लढाई आणि पेशवाईची अखेर उभी राहिली. मिस्त्रींनी समजावले, की हे साल नव्हे. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०१७ च्या अठराव्या आठवड्यात बनलेले टायर. "सात साल हो गए. चारों बदलो."

मी वाद घातला. टायरांची नक्षी कोरी होती, बोट घातले तर पेर बुडे. त्यावर गाडी फार तर हजारभर किलोमीटर चालली असेल. दहा-बारा हजारांचा प्रश्न होता, आणि दुसरेही एक होते, जे मिस्त्रींना सांगण्यासारखे नव्हते. ते टायर म्हणजे वडिलांनी या गाडीसाठी केलेली शेवटची खरेदी होती. त्यांच्या डायरीत त्यांच्या तिरक्या अक्षरात ती नोंद आहे: 'गाडीस नवी पादत्राणे केली.' ती पादत्राणे मी काढून टाकणार नव्हतो. मिस्त्रींनी खांदे उडविले आणि हवा भरून दिली.

निवडणुकीच्या कामातून मोकळा झाल्यावर, मेच्या पहिल्या आठवड्यात, मी एकटाच गाडी घेऊन लोह्यापर्यंत जाऊन यायला निघालो. परीक्षेआधीची परीक्षा म्हणा. नवा रस्ता चांगला रुंद आणि गुळगुळीत आहे. मात्र रुंद होताना दुतर्फा असलेली जुनी झाडे गेली. सकाळचे अकरा वाजले होते. पारा ४० च्या वर होता. सोनखेड मागे पडले आणि मागून फटाक्याच्या माळेतल्या मोठ्या फटाक्यासारखा आवाज आला. गाडीने डावीकडे ओढ घेतली. मी घाबरून ब्रेक दाबला नाही, हे माझे शहाणपण नव्हे; पाय जागचा हललाच नाही. हळूहळू गाडी कडेला जाऊन आपण होऊन थांबली.

मागचे डावे टायर केळीच्या सालीसारखे सोलवटले होते. नक्षी तशीच कोरी.

'स्टेपनी' हा शब्द मी वर्गात मोठ्या चवीने सांगत असतो. वेल्समधील लानेली गावी स्टेपनी नावाच्या रस्त्यावर १९०४ साली मोटारींची जोडचाके बनू लागली. पुढे त्या रस्त्याचे नाव आपल्याकडच्या सगळ्या जादा चाकांना चिकटले. त्या दिवशी स्टेपनी काढली तेव्हा तिच्यावरही १८१७ लिहिलेले होते आणि तिच्यात हवा नव्हती. जॅक गंजून एकजीव झाला होता. शे-दीडशे पावलांवर एका कलिंगडवाल्याचा मांडव होता. त्या भल्या माणसाने आपला मुलगा मोटारसायकलवर स्टेपनी घेऊन सोनखेडला पिटाळला, कुणा ट्रॅक्टरवाल्याचा जॅक मिळविला, आणि दीड तास मला मांडवात बसवून घेतले. या दीड तासात मी दोन तांबे पाणी आणि अर्धे कलिंगड संपविले, तरी डोके भणभणतच होते. मी ४६ वर्षांचा धट्टाकट्टा. मागच्या त्या गादीवर पंच्याहत्तरीची आई असती तर, हा विचार मी मनाच्या दाराशी येऊ देत नव्हतो. उन्हात उभी असलेली बंद गाडी दहा मिनिटांत बाहेरच्यापेक्षा दहाएक अंशांनी तापते. लहान मूल, म्हातारे माणूस, कुणालाही 'मी आलोच' म्हणून आत सोडून जाऊ नये. हे वाचून मला ठाऊक होते. मांडवातून मी त्या गाडीकडे पाहत होतो तेव्हा ते पहिल्यांदा कळले.

घरी आल्यावर मी काही बोललो नाही. आईने माझे काळे झालेले हात पाहिले, मग अंगणात जाऊन चाके पाहिली. संध्याकाळी ओसरीवर मला बोलावून तिने विचारले, "उभी गाडी हुती ना चार वर्षं?"

"होय."

"चालत्या गाडीपरीस उभ्या गाडीचं चाक लौकर जातं. तुझ्या आज्याला इचारलं असतंस तर त्यानं सांगितलं असतं."

आणि मग तिने बैलगाडीच्या चाकाचे जे सांगितले ते मी मराठीच्या कुठल्याही पुस्तकात वाचलेले नाही. लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात. ती गार होताना आवळते आणि आऱ्यांना धरून ठेवते. परंतु उन्हाळ्यात लाकूड वाळते, आकसते, आणि धाव ढिली होते. म्हणून वैशाखात लग्नाचे वऱ्हाड न्यायचे असले की आजोबा आखाला वंगण घालीत, कुण्या तपासत आणि आदल्या रात्री चाके काढून नदीच्या पाण्यात निजवून ठेवीत. लाकूड पाणी पिऊन फुगे आणि धाव घट्ट बसे. आईचा शब्द होता, 'चाक तान्हेलं की धाव सुटते.' वऱ्हाड रात्री निघे, दिवस वर आला की आंब्याच्या राईत गाड्या सोडत, आणि उन्हे कलल्यावर पुन्हा जुंपत.

मी प्राध्यापकी उत्साहाने म्हटले, "पाहा आई, किती गंमत! लाकूड उन्हाने आकसते, आणि रबर..."

"तुझ्या आत्याच्या लग्नाला पाणी नव्हतं," आई म्हणाली.

ते १९७३ साल. आधीच्या वर्षी पाऊस झाला नव्हता. लोक खडी फोडायला जात, मिलो खात. चारा नव्हता म्हणून आजोबांनी बैल केव्हाच विकले होते, आणि गाडी वर्षभर दावणीशेजारी उभी होती. लग्न पुढे ढकलावे असे सर्वांना वाटत होते. पण मुलाकडचे अडून बसले. बैल उसने आणले. विहिरीत प्यायला घागरभर पाणी मिळत नव्हते, तिथे चाकांना कोण देणार? आजोबांनी चाकांवर ओले तरट गुंडाळले, तेवढेच. बैलांवर अंगात बळ नव्हते, त्यामुळे पहाटेपर्यंत निम्मी वाटही सरली नाही. मन्याडीच्या कोरड्या पात्रात, वाळूत, भर अकरा-बाराच्या उन्हात धाव सुटून पडली, आणि आरे भातुकलीतल्या काड्यांसारखे पसरले. दुसरी गाडी यायची चिन्हे नव्हती. माणसे चालत निघाली.

"दोन कोस," आई म्हणाली. "कडेवर तुझी थोरली बहीण हुती. आठ महिन्यांची. येक डाव माझ्याकडं, येक डाव तुझ्या मावशीकडं. मावशीचं लगीन झालं नव्हतं तवा, मदतीला आली हुती. पदर वला करायला बी पाणी नव्हतं."

मला थोरली बहीण होती, आणि ती 'ऊन लागून' गेली, एवढेच मला माहीत होते. कोठे, कशी, हे घरात कधी कोणी बोलले नाही. आजोबांनी पुन्हा गाडी केली नाही, हे माहीत होते. त्याचे कारण आम्ही गरिबी समजत होतो.

आई उठून देवाजवळ दिवा लावायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी दुकान उघडले तेव्हा मी पायरीवर बसलेलो होतो. पाचही टायर बदलले. नव्यांवरचे आकडे मी चष्मा पुसून पुसून वाचले. वडिलांच्या डायरीत त्या जुन्या नोंदीखाली मी नवी नोंद केली.

उरलेली तयारी आईच्या हुकमतीखाली झाली. मिस्त्रींचे एक म्हणणे तिला फार आवडले, की हवा चाक थंड असताना मोजावी, आणि वाटेत तापून दाब वाढलेला दिसला तरी हवा सोडू नये. कारण गार झाल्यावर ते चाक उपाशी राहते, आणि कमी हवेचे टायर अधिक दबून अधिक तापते. "म्हंजे माणसासारखंच," ती म्हणाली. काळ्या फिल्मला २०१२ पासून सर्वोच्च न्यायालयाची बंदी आहे, तेव्हा थांबल्यावरच लावायचे वाळ्याचे पडदे केले. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ओल्या वाळ्यातून आलेली झुळूक जे करते ते कोकणात व्हायचे नाही. इथली हवा पाणी ओढून घेते, म्हणून गारवा येतो. त्याच न्यायाने चिरंजीवांनी कोठूनशी जुन्या ट्रकवाल्यांची किंतानाची छागल पैदा केली आणि दाराला टांगली. चुलीचा बेत मी हाणून पाडला. गाडीत शिजवायचे नाही. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे पुरेत. सावलीसाठी चार बांबू आणि जुने जाजम घेतले, कारण झाडांचा भरवसा राहिला नव्हता. आईने वीस लिटरचा पाण्याचा कॅन मावशीसाठी म्हणून चढवायला लावला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आले होते, ते तिच्या मनातून गेलेले नाही. आता तेथे तसे नाही असे सांगून पाहिले. कॅन चढलाच.

पहाटे साडेतीनला निघालो. लोहा अंधारातच गेले. माळेगावच्या खंडोबाला आईने गाडीतूनच हात जोडले. तिथे पहिला मुक्काम. ती मागे पाठ टेकून पडली आणि चिरंजीव मोबाइलच्या उजेडात चारही चाकांना हात लावून आले. अहमदपूरच्या अलीकडे उजाडले. बालाघाटच्या उघड्या माळांवर ऊन पडायला लागले तेव्हा आई म्हणाली, "किती जवळ हाय रे लातूर." दर पाऊण तासाला थांबत, तीन तासांची वाट आम्ही साडेपाच तासांत, नऊ वाजता पुरी केली. इंजिनाचा काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही, हे मी मिस्त्रींना फोन करून कळविले.

मावशी फाटकापाशी काठीवर भार टाकून उभी होती. मी वाकून नमस्कार केला. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला खरा, पण ती पाहत होती गाडीच्या खाली.

"चाकं बघून घेतली हुतीस ना, बाळा?"

"नवी आहेत, मावशी. पाचही."

ती कमरेतून वाकू शकत नव्हती. काठी पुढे करून तिने एकेका टायरला टोक लावून पाहिले, चारही बाजूंनी, सावकाश. मग म्हणाली, "आता उतरव तिला."

पण आई उतरलीच नाही. "तूच ये वर," ती आतून म्हणाली. आम्ही दोघांनी धरून मावशीला वर चढविले. गाडी लिंबाच्या दाट सावलीत घेतली, दोन्ही बाजूंची दारे सताड उघडली, पडदे ओले केले. दुपारच्या जेवणासाठी बोलवायला गेलो तेव्हा दोघी बहिणी त्या गादीवर शेजारी शेजारी आडव्या होऊन, छताकडे बघत, हळू आवाजात बोलत होत्या. मी ताटे तिथेच नेऊन दिली.